पेटीपासून बांबूच्या बेटापर्यंत : वाचकांचे प्रश्न

कागद, पुठ्ठा आणि जंगल यांच्या संबंधाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिले पत्र एका अभ्याससहलीविषयी आहे आणि उरलेल्या चार पत्रांतील शंका त्या सहलीच्या वाटेवरच भेटणाऱ्या आहेत, म्हणून पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावीचे ३६ विद्यार्थी घेऊन या हिवाळ्यात पाच दिवसांची अभ्याससहल काढायची आहे. ‘शाश्वत वनव्यवस्थापन आणि वेष्टननिर्मिती’ असा विषय ठरला आहे. निम्म्याहून अधिक मुले द्राक्ष बागायतदारांच्या घरची आहेत. स्वीडन आणि फिनलंडमधील जंगलांच्या चित्रफिती दाखवल्या तरी पुरे, असे काहींचे मत पडले. मला मात्र मुलांना प्रत्यक्ष काहीतरी दाखवायचे आहे. कुठे न्यावे आणि काय विचारायला शिकवावे?
— एक शिक्षिका, निफाड तालुका

उत्तर : सहलीची सुरुवात आपल्याच तालुक्यात करावी, असे मी सुचवेन. प्रत्येक मुलाला घरून द्राक्षाची एक रिकामी पेटी आणायला सांगा. पेटीचा तळहाताएवढा तुकडा कापून तो रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवा. सकाळपर्यंत त्याचे थर बोटांनी सुटे होतील, कारण ते सामान्यतः मक्याच्या स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. वरचा आणि खालचा सपाट कागद म्हणजे लायनर, मधला नागमोडी कागद म्हणजे फ्लूट. एक नागमोडी थर असेल तर तो थ्री प्लाय आणि दोन असतील तर फाइव्ह प्लाय. ओला लायनर हलकेच फाडून उन्हात धरला की फाटलेल्या कडेला बारीक केसांसारखे तंतू दिसतात. भिंगातून पाहिले तर काही लांब आणि काही अगदी आखूड दिसतील. माझ्या मते या सहलीचा सगळा विषय त्या कडेवर आहे, म्हणून तिथे अर्धा तास घालवायला कचरू नका.

त्याच दिवशी जवळच्या एखाद्या खोके बनवणाऱ्या कारखान्यात मुलांना न्या. द्राक्षपट्ट्यात असे कारखाने शोधावे लागत नाहीत. कागदाचा रीळ वाफेने तापवलेल्या दातेरी रोलांमधून जाताना त्याला नागमोडी आकार कसा येतो, हे एकदा पाहिले की मुले विसरत नाहीत. यंत्रावरचा कामगार जीएसएम आणि बीएफ हे शब्द वापरेल. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, आणि बीएफ म्हणजे वजनाच्या मानाने तो कागद किती दाबाला फुटतो त्याचा अंक. शीतगृहातल्या दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून निर्यातीच्या पेटीला अधिक मजबूत कागद लागतो. बागायतदारांच्या मुलांना खालच्या थरातल्या दबलेल्या पेट्या ठाऊकच असतील. निघण्यापूर्वी मालकाला एकच प्रश्न विचारायला सांगा : हा क्राफ्ट कागद कशापासून बनला?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, रद्दीपासून. आपल्या देशात खोक्यांचा क्राफ्ट कागद मुख्यतः जुनी खोकी आणि रद्दी यांच्या लगद्यापासून बनतो आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र प्रत्येक फेरीत तंतू तुटतो, आखूड होतो, आणि काही फेऱ्यांनंतर तो कागद धरून ठेवू शकत नाही. म्हणून या चक्रात कुठून तरी नवा, लांब तंतू येत राहावा लागतो. पाइन आणि स्प्रूस या थंड प्रदेशातल्या झाडांचा तंतू सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो, बांबूचा साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास आणि निलगिरीचा एक मिलिमीटरहूनही कमी. आपल्या गिरण्या अमेरिका आणि युरोपातून जुनी खोकी आयात करतात, त्यामागे हा लांब तंतू हे एक मोठे कारण आहे. म्हणजे निफाडच्या द्राक्षपेटीत उत्तरेकडच्या एखाद्या पाइनचा अंश असण्याची बरीच शक्यता आहे, आणि चित्रफिती दाखवायच्या असतील तर त्यांची योग्य जागा हीच, कारण आता त्या मुलांच्या हातातल्या पेटीविषयी असतील.

चित्रफितीत दिसेल त्यापलीकडची एक गोष्ट मुद्दाम सांगा. स्वीडनमध्ये १९०३ साली कायदा झाला आणि जंगल तोडणाऱ्या मालकावर त्या जागी नवे जंगल उभे करण्याचे बंधन आले. तिथले सुमारे निम्मे जंगल सामान्य कुटुंबांच्या मालकीचे आहे, आणि तिथले झाड तोडणीला यायला साठ ते शंभर वर्षे लागतात. आजोबाने लावलेले झाड नातू तोडतो. इतक्या लांब मुदतीचा व्यवहार केवळ सदिच्छेवर टिकत नाही. किती उभे आहे, किती वाढले आणि किती तोडले, याचा लेखी हिशोब पिढ्यान्‌पिढ्या ठेवावा लागतो. तिथल्या एकाच वेळी सगळे झाडोरे साफ करण्याच्या पद्धतीवर त्या देशांतच कडक टीका होत असते, हेही मुलांपासून लपवू नये.

आता उरलेल्या चार दिवसांविषयी. मुलांना चंद्रपूर आणि गडचिरोलीला घेऊन जा. महाराष्ट्रात जंगल, बांबू, लाकडाचे आगार, कागद गिरणी आणि वनहक्क हे सगळे एकाच सहलीत पाहायला मिळेल, असा दुसरा प्रदेश माझ्या माहितीत नाही. प्रवासाचा दिवस संपवून चंद्रपुरात मुक्काम करा. तिसऱ्या दिवशी मूल या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चिचपल्लीतील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र पाहता येईल आणि दुपारी बल्लारपूरला जाता येईल. तिथे वर्धा नदीकाठी १९५० च्या दशकापासून कागद गिरणी आहे आणि आसपासच्या जंगलातल्या बांबूवर तिचा पाया रचला गेला. गिरणीत प्रवेशासाठी आधी लेखी परवानगी लागते. ती मिळाली नाही तरी बल्लारपूरचे सागवान आगार पाहण्यासारखे आहे. तिथे एकेका ओंडक्यावर क्रमांक आणि मापे घातलेली असतात. एखाद्या ओंडक्याचा कापलेला चेहरा निवडून त्याची वलये मुलांना मोजू द्या. पन्नासच्या पुढे गेल्यावर मुले आपोआप शांत होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गिरणीत जायला मिळालेच तर एक प्रक्रिया नीट समजावून घ्या. लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे सोड्याच्या आणि गंधकयुक्त द्रावणात सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसला शिजवतात. तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन विरघळते आणि तंतू सुटे होतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास लगदा हाती येतो. उरलेला निम्मा भाग काळ्या द्रावणात जातो. ते द्रावण आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळते आणि रसायनेही पुन्हा वापरात येतात. ही व्यवस्था नीट चालणारी गिरणी आणि ते द्रावण नदीत सोडणारी गिरणी यांतला फरक जमीन-अस्मानाचा असतो. म्हणून मुलांनी तिथे तीन प्रश्न विचारावेत : एक टन कागदाला किती पाणी लागते, काळ्या द्रावणाचे काय होते, आणि आज आलेला कच्चा माल कोणत्या जिल्ह्यातून आला.

चौथा दिवस मेंढा (लेखा) या गावासाठी राखून ठेवा. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ३० किलोमीटरवर, शंभरेक गोंड कुटुंबांचे हे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ती महाराष्ट्रभर पोहोचली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू ‘झाड’ होता आणि २००६ च्या कायद्यात तो ‘गौण वनोपज’, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचे जंगलातले उत्पन्न, होता. या दोन व्याख्यांच्या फटीत वाहतुकीचा परवाना अडकला होता. परवान्याविना एक काठीही बाजारात नेता येत नव्हती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या एका पुस्तकाने तोडीचा निर्णय, विक्रीचा भाव आणि जंगलाची जबाबदारी ही तिन्ही एका जागी आणली.

मुलांना तिथे पाहायचे आहे ते हेच. आपल्याकडे शाश्वत हा शब्द बहुधा किती झाडे लावली या आकड्यासाठी वापरला जातो. मला तो आकडा फारसे काही सांगत नाही. किती तोडायचे हे कोण ठरवते, ठरवणाऱ्याला पुढच्या वर्षीही त्याच जंगलात राहायचे आहे का, आणि त्याचा हिशोब सर्वांसमोर वाचला जातो का, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. निर्णयाआधी त्या विषयाची माहिती गोळा करणारा अभ्यासगट बसतो. अकरावीच्या मुलांना हे समजते, किंबहुना मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

एक विनंती मात्र मनापासून करतो. ग्रामसभेला निदान महिनाभर आधी पत्र लिहा आणि होकार आल्याशिवाय जाऊ नका. गावातली माणसे आपली कामे बाजूला ठेवून बोलायला बसतात. मुलांनी तयारी करून जावे, गावाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. सहलीनंतरचा अहवाल गावाला पाठवावा. अहवाल परत न पाठवणाऱ्या पाहुण्यांविषयीची नाराजी मी अनेक गावांत ऐकली आहे आणि ती रास्त आहे.

वेळ शिल्लक राहिला तर आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ पाहा. अवघ्या सहा हेक्टरांचा हा न तोडलेला तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. अंतर बरेच आहे, त्यामुळे सहलीचा एक दिवस वाढवावा लागेल.

प्रश्न : बांबू तोडायला परवानगी दिली तर जंगल उजाड होणार नाही का? झाड तोडणे वाईट आणि बांबू तोडणे चांगले, हे कसे?
— बारावीचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : बांबू हे गवत आहे, आणि बेटाजवळ उकिडवे बसून पाहिले की तुझ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसते. जमिनीखाली आडवे खोड पसरलेले असते. पावसाळ्यात त्यातून कोंब फुटतो. त्यालाच विदर्भात वास्ते म्हणतात आणि त्याची भाजी करतात. हा कोंब दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि त्यानंतर त्याची जाडी कधीच वाढत नाही. पुढची दोन-तीन वर्षे तो फक्त कठीण होत जातो.

पहिल्या वर्षाच्या काठीला वनमजूर करला म्हणतात. पेरांवर वाळके, खरखरीत आवरण चिकटलेले असते आणि हात फिरवला तर पांढुरकी भुकटी बोटाला लागते. त्याला हात लावायचा नाही. जुनी काठी पिवळसर, डागाळलेली असते आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली तर खणखणीत वाजते. जाणता तोडणारा डोळ्यांपेक्षा कानावर अधिक भरवसा ठेवतो.

आता खरी मेख. नवे कोंब बहुधा बेटाच्या बाहेरच्या कडेने येतात आणि जुन्या, तोडण्याजोग्या काठ्या आत असतात. घाईने किंवा नगावर मजुरी घेऊन तोडणारा बाहेरच्या सोप्या काठ्या तोडतो. आतला गुंता तसाच राहतो, कोंबांना जागा मिळत नाही आणि काही वर्षांत बेट गुदमरते. शहाणी तोड करणारा एका बाजूने वाट काढून आत शिरतो, घोड्याच्या नालेसारखी मोकळीक ठेवतो, जुन्या काठ्या जमिनीलगतच्या पेराच्या वर सफाईने कापतो, आणि बेटात निदान आठ काठ्या शिल्लक ठेवतो. तीन-चार वर्षांनी पुन्हा त्या बेटाची पाळी येते. पावसाळ्यात तोड बंद असते. अशी तोड झाली तर बेट अधिक जोमाने फुटते. मुळीच तोड झाली नाही तरी ते गुंतत जाते.

खरेदीच्या कामात असताना मी एका ठेक्याच्या कूपातली, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलपट्ट्यातली, बेटे पाहिली होती. प्रत्येक बेट बाहेरून खरडलेले आणि आत वाळलेल्या काठ्यांचा ढीग. कागदोपत्री तिथे फक्त ठरलेलीच तोड झाली होती. कोयता कुठे चालवायचा हे तिथे राहणाऱ्या माणसाने ठरवावे, असे मी म्हणतो ते त्या दिवसापासून.

आणखी एक लक्षात ठेव. मानवेल किंवा कटांग जातीचा बांबू अनेक दशकांनी एकदा फुलोऱ्यावर येतो, बी टाकतो आणि मरतो, कधी कधी पट्टेच्या पट्टे एकदम. त्यानंतर काही वर्षे ती जागा वणव्यापासून आणि चराईपासून राखली तरच बियांतून नवा बांबू उभा राहतो.

प्रश्न : माझ्या सात एकर हलक्या जमिनीवर निलगिरी किंवा सुबाभूळ लावण्याचा आग्रह होत आहे. कागद गिरणी माल उचलेल, असे सांगतात. हे जंगल लावणेच झाले ना?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : हे पीक आहे. कापूस जसा पीक तसेच, फक्त चार-पाच वर्षांचे. त्यात कमीपणा काही नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सांगितले की त्यांनी आपला कच्चा माल नैसर्गिक जंगलातून न घेता शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून मिळवावा, आणि त्यानंतर दक्षिणेत निलगिरी, सुबाभूळ व सुरूची शेती वाढली. तेलंगणातील सारपाकाची पुठ्ठा गिरणी अशाच शेतकऱ्यांच्या लाकडावर चालते. औषधांच्या आणि साबणाच्या खोक्यांचा पांढरा पुठ्ठा अशा गिरण्यांतून येतो. जंगलावरचा भार अशा शेतीने हलका होतो, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. मात्र एकाच वयाच्या, एकाच जातीच्या रांगांना जंगल म्हणून मोजू नये. तिथे मोह नाही, तेंदू नाही, पाखरांना फळ नाही.

लावण्याआधी तीन गोष्टी पाहा. विहीर जवळ असेल तर निलगिरी दाट लावू नका. गिरणी किंवा दलाल आपल्या गावापासून किती दूर आहे ते मोजा, कारण या मालात वाहतूकच नफा खाते. तिसरी गोष्ट वजनाची. ओले लाकूड वाळताना फार घटते. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा ट्रक एका गिरणीच्या फाटकावर चार दिवस उभा ठेवून मग काट्यावर घेतला गेला, आणि घट त्याच्याच माथी मारली गेली. करारात वजन कोणत्या दिवशी, कोणत्या काट्यावर आणि किती ओलाव्याला धरायचे, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. सगळी सात एकर त्यात घालू नये, हे माझे वैयक्तिक मत. बांधावर बांबू लावण्याचाही विचार करा. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला आहे, त्यामुळे खासगी शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला वनकायद्याची पूर्वीची अडचण राहिलेली नाही.

प्रश्न : प्लास्टिकऐवजी कागदी वेष्टन वापरले की पर्यावरणाचे काम झाले, असे समजावे का?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : आपण कागद कशासाठी वापरता यावर ते अवलंबून आहे. नदीत किंवा गाईच्या पोटात गेलेली प्लास्टिकची पिशवी आणि कागदाची पिशवी यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण कागद बनवायला पाणी, वाफ आणि तंतू लागतात, आणि एकदाच वापरून फेकलेली कागदी पिशवी म्हणजे ते सर्व एकदाच वापरून फेकणे होय. चहाच्या कागदी पेल्याला आतून सामान्यतः प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो साध्या रद्दीत जात नाही. दुधाच्या आणि रसाच्या बहुथरी खोक्यातही सुमारे तीन चतुर्थांश पुठ्ठा आणि उरलेले पॉलिथिन व अॅल्युमिनियम असते. ते वेगळे जमा करून द्यावे लागते. कोकणात हापूस पूर्वी लाकडी पेटीत, भाताच्या पेंढ्यात येत असे आणि त्या पेट्यांसाठी कितीतरी झाडे पडत असत. तिथे पुठ्ठ्याची पेटी आली हे मला निःसंशय चांगले वाटते. कोरडे, स्वच्छ खोके भंगारवाल्याकडे गेले तर त्यातला तंतू पुन्हा गिरणीत पोहोचतो. आमटीने भिजलेले खोके पोहोचत नाही. घरातला कागद कोरडा ठेवणे, एवढे आपल्या हातात आहे आणि ते फार मोलाचे आहे.

प्रश्न : काही खोक्यांवर झाडाच्या आकाराचे चिन्ह आणि एफएससी ही अक्षरे असतात. त्यावर कितपत विश्वास ठेवावा?
— एक लघुउद्योजक, पिंपरी

उत्तर : जंगलांच्या जबाबदार व्यवस्थापनाचे निकष ठरवणाऱ्या, १९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचे ते चिन्ह आहे. त्याचे तीन प्रकार आहेत. ‘१०० टक्के’ म्हणजे सगळा तंतू प्रमाणित जंगलातला, ‘रिसायकल्ड’ म्हणजे सगळा पुनर्वापरातला, आणि ‘मिक्स’ म्हणजे प्रमाणित, पुनर्वापरातला आणि किमान नियम पाळून आलेला इतर तंतू यांचे मिश्रण. बाजारात ‘मिक्स’ फार दिसते आणि ग्राहक त्याला ‘१०० टक्के’ समजतात, ही चूक आपण करू नका. जंगलापासून छापखान्यापर्यंत माल हाताळणाऱ्या प्रत्येक टप्प्याची तपासणी झालेली असली पाहिजे. मधली एक कडी जरी प्रमाणपत्राविना असली तरी चिन्ह छापता येत नाही. आपल्या देशानेही डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःची वन व लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली आहे.

चिन्हाखाली एफएससी-सी आणि त्यापुढे सहा आकडे छापलेले असतात. संस्थेच्या खुल्या यादीत तो क्रमांक घातला की प्रमाणपत्र कोणाचे आहे आणि ते चालू आहे की रद्द झाले, हे मिनिटभरात कळते. पुढची खोकी मागवताना आपल्या पुरवठादाराचा क्रमांक आधी तपासा, आणि बिलावरही पुरवठादाराचा प्रमाणपत्र क्रमांक व प्रमाणित मालाचा प्रकार लिहून मागा. खोक्यावर चिन्ह आणि बिलावर काहीच नाही, असे आढळले तर तो माल प्रमाणित म्हणून घेऊ नका.